फ्रेंच वर्तमानकाळ: तक्ते पाठ आहेत, पण बोलताना रूप सापडत नाही

नवशिकी_सातारा

नमस्कार. फ्रेंच शिकायला लागून अडीच महिने झाले. चार महिन्यांनी डेल्फ ए-वन (फ्रेंचची प्राथमिक पातळीची परीक्षा) द्यायची आहे. एत्र (असणं), आव्ह्वार (जवळ असणं), आले (जाणं), फेर (करणं) आणि पार्ले (बोलणं) यासारखी ई-आरने संपणारी क्रियापदं, सगळ्यांचे सहा-सहा ओळींचे तक्ते पाढ्यांसारखे पाठ आहेत. लिहायला सांगितलं तर बरोबर लिहिते. पण कुणी 'ते थकलेत' हे फ्रेंचमध्ये सांग म्हटलं की मनात 'ज, त्यू, इल...' (मी, तू, तो...) असं वरून म्हणत खाली उतरावं लागतं, आणि एवढं करूनही चुकतं.

गेल्या आठवड्याच्या निबंधात लाल खुणा झालेली वाक्यं देते. वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी फ्रेंच देवनागरीत लिहिलंय.

1. मी 23 वर्षांची आहे: ज स्वी व्हँत-त्र्वा आं
2. मला भूक लागली आहे: ज स्वी फँ
3. ते थकलेत: इल-झों फातिगे
4. मी जेवते आहे: ज स्वी मांज
5. मला पोहता येतं: ज कोने नाजे
6. माझ्याकडे गाडी नाही: ज ने पा यून व्ह्वात्यूर
7. मी पाच वर्षांपासून पुण्यात राहते: इथे मी भूतकाळ वापरला होता, तो पूर्ण खोडलाय

नुसती दुरुस्ती नको, चूक का झाली ते सांगा. शिवाय ए-वनसाठी किती क्रियापदं पुरतात, आणि सराव कसा करायचा?

कानसेन

आधी लिपीचं ठरवून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं निसरडं होईल. इथे 'ज' लिहू तो 'जहाज'मधला नाही. 'श' म्हणता म्हणता गळा थरथरवला की जो आवाज येतो तो. 'झ' म्हणजे 'झाड'मधला, पण हकार काढलेला. 'त्यू'तला स्वर काढायला ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा आणि आतून 'ई' म्हणा. 'पअ', 'व्हअ' असं लिहीन तिथे ओठ तसेच गोल ठेवून 'ए'. ओं, आं, अँ नाकातून जातात, शेवटी न किंवा म ऐकू येता कामा नये. तुमच्या वहीत मात्र फ्रेंच स्पेलिंगच लिहा. देवनागरीत लिहीत राहिलात तर 'त्यू'चा हळूहळू 'तू' होतो, आणि फ्रेंचमध्ये 'तू' म्हणजे 'सगळं'. हा वेगळाच शब्द आहे.

आता मुद्दा. तुम्ही सहा रूपं पाठ केलीत, पण ती सहा कागदावर आहेत. कानाला किती येतात ते मोजा. पार्ले घ्या:

ज पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल, एल (ती) पार्ल, ओं (आपण) पार्ल, आणि अनेकवचनी 'ते' म्हणजे पुन्हा इल पार्ल. हे सगळं एकच. वेगळी फक्त दोन: नू (आम्ही) पार्लों आणि व्हू (तुम्ही) पार्ले. त्यातलं 'व्हू'चं रूप मूळ क्रियापदासारखंच ऐकू येतं. बोलताना 'नू'च्या जागी 'ओं' वापरलं (फ्रान्समध्ये रोजच्या बोलण्यात बहुतेक तसंच करतात) तर दोनच आवाज उरले. फ्रेंचमधली सुमारे 90 टक्के क्रियापदं ई-आरची आहेत, म्हणजे एवढ्यात भाषेचा केवढा तरी भाग हाताशी आला.

त्यूच्या रूपाला लागणारा एस आणि अनेकवचनाला लागणारं ई-एन-टी, दोन्ही लिहायचं, म्हणायचं नाही. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे 'इल पार्लां'. ई-एन-टी क्रियापदाच्या शेवटी असेल तरच मुकं असतं. एकच स्पेलिंग दोन तऱ्हांनी वाचलं जातं याचं चांगलं उदाहरण: 'ल प्रेझीदां' म्हणजे अध्यक्ष, आणि तीच अक्षरं क्रियापद म्हणून आली तर 'इल प्रेझीद', ते अध्यक्षस्थानी असतात.

अनियमित म्हणून ज्यांना घाबरता त्यांच्यातही कानाचा एक नियम आहे आणि तो तक्त्यात दिसत नाही. एकवचनी 'इल' आणि अनेकवचनी 'इल' ऐकायला सारखेच. मग समोरच्याला एक माणूस की चार हे कळतं कशावरून? क्रियापदाच्या शेवटच्या व्यंजनावरून. एकवचनात ते गप्प असतं, अनेकवचनात वाजतं. या जोड्या मोठ्याने म्हणा:

तो / ते
व्हअ / व्हअल (हवं असणं)
पअ / पअव्ह (शकणं)
द्वा / द्वाव्ह (लागणं, करावं लागणं)
से / साव्ह (येणं, माहीत असणं)
प्रां / प्रेन (घेणं)
व्ह्यँ / व्ह्येन (येणं, इकडे)
मे / मेत (ठेवणं, अंगावर घालणं)
दी / दीझ (म्हणणं)
फिनी / फिनीस (संपवणं)
आतां / आतांद (वाट पाहणं)
पार / पार्त (निघणं)

प्रां आणि व्ह्यँ नाकातले आहेत. अनेकवचनात 'न' वाजला की नाकातला स्वर मोकळा होतो: प्रेन, व्ह्येन. हा बदल ओठांत बसेपर्यंत आरशासमोर म्हणा. 'प्रांन' असं अर्धवट काहीतरी येत असेल तर स्वर अजून नाकातच अडकलाय. अपवादही सांगून ठेवतो. व्ह्वार (पाहणं) आणि क्र्वार (मानणं, वाटणं) यांचं एकवचन-अनेकवचन सारखंच ऐकू येतं, आणि उव्रीर (उघडणं) ई-आरसारखं चालतं.

आता तुमचं तिसरं वाक्य. 'इल सों' म्हणजे ते आहेत, 'इल-झों' म्हणजे त्यांच्याकडे आहे. फरक फक्त स आणि झ यांचा. 'ओं' स्वरानं सुरू होतो म्हणून 'इल'चा मुका एस जागा होऊन झ होतो. 'सों'ला स्वतःचाच स आहे, तिथे 'इल'चा एस गप्पच राहतो. त्यामुळे इल सों फातिगे. तुम्ही लिहिलेल्याचा अर्थ 'त्यांनी थकवलं' असा भूतकाळाकडे जातो. हीच गोष्ट 'नू-झाव्हों' (आमच्याकडे आहे) आणि 'नू साव्हों' (आम्हाला माहीत आहे) यांची. या दोन जोड्या रोज दहादा म्हणा, पण ओळीने नाही. कुणाला तरी मराठीत यादृच्छिक विचारायला सांगा.

दोन बारीक गोष्टी लक्षात राहिल्या तर खूप पाठांतर वाचतं. अनेकवचनी 'इल'ला ओं-चा शेवट फक्त चार क्रियापदांत येतो: सों, ओं, व्हों, फों. म्हणजे नेमकी तुमची पहिली चार, एत्र, आव्ह्वार, आले आणि फेर. आणि 'व्हू'चं रूप सगळीकडे 'ए' आवाजाने संपतं, फक्त तीन ठिकाणी त-ने: व्हू-झेत, व्हू फेत, व्हू दीत. 'व्हू फेझे' हे मुलांच्या तोंडी ऐकू येतं, परीक्षेत चालत नाही. फेरचं 'नू' रूपही जपा: लिहिताना एफ-ए-आय, पण उच्चार 'फझों'. 'फेझों' नाही.

व्याकरणवाली

कानसेन यांनी आवाजाचं सांगितलं, मी वाक्यरचनेकडे येते. तुमच्या सातपैकी बऱ्याच चुका एकाच ठिकाणाहून निघाल्यात. मराठी 'मला'ने विचार करते, फ्रेंच 'मी'ने, आणि मध्ये तुम्ही इंग्रजीचा आधार घेतलात.

आपल्याकडे भूक मला लागते, पोहणं मला येतं, चहा मला आवडतो, पुस्तक मला पाहिजे असतं, आणि लवकर मला निघावं लागतं. फ्रेंचमध्ये या प्रत्येकात 'ज' कर्ता होतो, पण क्रियापद दर वेळी निराळं:

मला भूक/तहान/थंडी/गरम/झोप: आव्ह्वार. जे फँ, जे स्वाफ, जे फ्र्वा, जे शो, जे सोमेय.
मला येतं: साव्ह्वार. ज से नाजे.
मला आवडतं: एमे. जेम ल ते.
मला पाहिजे: व्हूल्वार. ज व्हअ.
मला जावं लागतं: दव्ह्वार. ज द्वा आले.
मला भाऊ आहे, माझ्याकडे पेन आहे: पुन्हा आव्ह्वार.

मराठीत 'टू हॅव'ला एकच क्रियापद नाही. आपण मला, माझ्याकडे, माझ्याजवळ असं पाहून 'आहे' लावतो. म्हणून आपला हात आपोआप एत्रकडे जातो. सराव उलटा करा: वाक्यात 'मला' किंवा 'माझ्याकडे' दिसलं की एत्र वापरायच्या आधी थांबायचं. दहापैकी नऊदा ते एत्र नसतं. 'गरम'च्या बाबतीत ही चूक महागात पडते. 'ज स्वी शो' म्हटलंत तर ऐकणारा त्याचा कामुक अर्थही घेऊ शकतो. हवेबद्दल बोलायचं तर 'इल फे शो'. फ्रेंचमध्ये हवामान 'करतं'.

वय: जे व्हँत-त्र्वा-झां. माझ्याकडे 23 वर्षं आहेत, असा सरळ हिशोब. 'आं' हा शब्द शेवटी हवाच, नुसतं 'जे व्हँत-त्र्वा' अपुरं.

चौथं वाक्य: 'जेवते आहे' मधल्या 'आहे'साठी तुम्ही स्वी घातलंत. फ्रेंच वर्तमानकाळाला वेगळा चालू वर्तमान नाही. 'ज मांज' म्हणजे मी जेवते, जेवते आहे, जेवतेय, तिन्ही. अगदी या क्षणी चाललंय हे ठासून सांगायचं असेल तर 'ज स्वी आं त्रँ द मांजे' असतं, पण ते क्वचित लागतं. ए-वनमध्ये नाही वापरलंत तरी काही अडत नाही.

पाचवं: 'कोनेत्र' म्हणजे ओळखणं, माहितीतलं असणं. त्याच्यापुढे नाम येतं, माणूस, गाव, गाणं: ज कोने पूने. क्रिया येत असेल तर साव्ह्वार. मराठीत 'ओळखणं' आणि 'येणं/माहीत असणं' हा फरक आधीच आहे, त्यामुळे इंग्रजीतून शिकणाऱ्यापेक्षा तुमचं काम सोपं आहे. तुम्ही मध्ये 'नो' आणलंत म्हणून गोंधळ झाला.

सहावं: नकार आला की 'अँ', 'यून'चा (म्हणजे 'एक'चा) 'द' होतो. ज ने पा द व्ह्वात्यूर. हा नियम एत्रला लागू नाही: स ने पा यून व्ह्वात्यूर, ही गाडी नाही. स्वरापुढे नकारातल्या 'न'चा स्वर गळतो, तसाच 'ज'चाही. 'ज आबित' असं काही नसतं, जाबित.

सातवं वाक्य मला सगळ्यात आवडलं, कारण इथे मराठीवर विश्वास ठेवला असतात तर चुकलंच नसतं. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहते'. आपण वर्तमानकाळ वापरतो, फ्रेंचही वर्तमानकाळच वापरतं: जाबित आ पूने दप्वी सँ-कां. 'पासून'ला 'दप्वी', संपलं. भूतकाळ घातलात तो इंग्रजी 'हॅव बीन'च्या ओढीने.

एक गोष्ट मराठी मुलींनी आणि बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. आपल्याकडे क्रियापदच सांगतं, जातो की जाते. फ्रेंच वर्तमानकाळात क्रियापद ते सांगत नाही, 'ज व्हे' दोघांनाही. पण एत्रनंतर येणारं विशेषण सांगतं: पुरुष 'ज स्वी कोंतां', बाई 'ज स्वी कोंतांत', शेवटचा त वाजवायचा. पाठ करताना स्वतःचंच रूप पाठ करा. नाहीतर परीक्षेत सवयीने पुरुषी रूप तोंडात येतं.

त्यू आणि व्हू हे तू आणि तुम्ही, यात नवीन शिकण्यासारखं थोडंच. आपण आजोबांना 'तुम्ही' म्हणतो, फ्रेंच घरांत आजी-आजोबांना बहुधा 'त्यू' असतं. दुकानदार, परीक्षक, अनोळखी प्रौढ: व्हू.

रोज_पंधरा_मिनिटं

सरावाबद्दल. वरून खाली तक्ता म्हणणं आजपासून बंद करा. ओळीने पाठ केलं की प्रत्येक रूप आधीच्या रूपाला बांधलं जातं. म्हणून पाचव्या ओळीतलं रूप हवं असेल तेव्हा पहिल्यापासून चार पायऱ्या उतराव्या लागतात. तुमची तक्रार नेमकी हीच आहे. रूप मराठी वाक्याला बांधा.

कार्डं करा, कागदाची किंवा फोनवर अँकी या कार्डांच्या ॲपमध्ये. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे फ्रेंच वाक्य फ्रेंच स्पेलिंगमध्ये. एका क्रियापदाची चार कार्डं पुरेत: मी, आपण (ओं), तुम्ही, ते. त्यू आणि एकवचनी इल आवाजाने बहुतेक वेळा 'ज'सारखेच असतात, त्यांची कार्डं फक्त एत्र, आव्ह्वार आणि आलेसाठी करा, कारण तिथे आवाज बदलतो: ज स्वी/त्यू ए, जे/त्यू आ, ज व्हे/त्यू व्हा. वाक्य चार-पाच शब्दांचं असावं. 'ते येतात' असं नागडं कार्ड नको, 'ते उद्या पुण्याहून येतात' असं करा, म्हणजे कालवाचक शब्दही जोडीने बसतात. नुसता उच्चार ऐकायचा असेल तर फोर्वोवर शब्द शोधा, तिथे फ्रेंच भाषकांनी म्हटलेले शब्द मिळतात.

दिवसाची पंधरा मिनिटं अशी: पाच मिनिटं ऐकून मागोमाग म्हणणं, पुस्तक मिटून. पाच मिनिटं पत्ते पिसून कार्डं. तीन सेकंदांत तोंडातून नाही आलं तर ते कार्ड चुकलं असं धरा, आठवून आठवून काढू नका. शेवटची पाच मिनिटं लेखन: आदल्या दिवशी चुकलेल्या कार्डांची पाच वाक्यं मराठी ऐकून लिहायची. लेखन वेगळं ठेवायचं कारण मुकी अक्षरं कानाने कधीच येणार नाहीत, ती हातानेच बसतात. तपासताना शाई बदला आणि फक्त शेवट तपासा: त्यूला एस आहे का, अनेकवचनाला ई-एन-टी आहे का. 'ज पअ', 'ज व्हअ' यांना मात्र ज आणि त्यू दोन्हींसाठी एक्स, एस नाही. इलला टी.

किती क्रियापदं? ए-वनला पंचवीस-सत्तावीस पक्की असली की पुरे, शंभर अर्धवट नकोत. क्रम मी असा ठेवेन. पहिला आठवडा फक्त एत्र आणि आव्ह्वार, नकार आणि प्रश्नासकट. दुसऱ्यात ई-आरची आठ: पार्ले, आबिते, एमे, त्राव्हाये (काम करणं), मांजे, रगार्दे (पाहणं), आश्ते (विकत घेणं), साप्ले (नाव असणं). शेवटच्या दोघांत उच्चार बदलतो: नू-झाश्तों पण जाशेत, व्हू व्हू-झाप्ले पण ज मापेल. कारण शेवटचा आवाज मुका झाला की आधीच्या स्वरावर भार येतो आणि तो उघडा 'ए' होतो, मग लिहिताना एकाला तिरकी रेघ आणि दुसऱ्याला दोन एल लागतात. तिसऱ्यात आले आणि फेर. चौथ्या-पाचव्यात व्हूल्वार, पूव्ह्वार, दव्ह्वार एकत्र, कारण तिघांचा साचा एक आहे. सहाव्यापासून व्हनीर (येणं), प्रांद्र (घेणं), साव्ह्वार, कोनेत्र, मग दीर (म्हणणं), लीर (वाचणं), एक्रीर (लिहिणं), व्ह्वार, मेत्र, पार्तीर, आतांद्र, फिनीर. पुढचा गट मागचा नव्वद टक्के बरोबर आल्याशिवाय उघडू नका.

आले आणि व्हनीर पक्के झाले की दोन काळ फुकट मिळतात. 'मी उद्या निघणार आहे': ज व्हे पार्तीर दमँ. 'मी आत्ताच जेवले': ज व्ह्यँ द मांजे. दोन्हींत फक्त वर्तमानकाळाचं रूप आणि पुढे मूळ क्रियापद. दुसऱ्यातला 'द' विसरलात तर अर्थ 'मी जेवायला येते' असा होतो.

परीक्षेचं गणित: चार विभाग, प्रत्येकी 25 गुण. उत्तीर्ण व्हायला 100 पैकी 50, आणि कुठल्याही विभागात 5 पेक्षा कमी नकोत. तोंडी परीक्षा 5 ते 7 मिनिटं, आधी तयारीला 10. त्यात स्वतःची ओळख, मग कार्डावरच्या शब्दावरून तुम्ही परीक्षकाला प्रश्न विचारायचे, मग दुकान किंवा तिकीट असा प्रसंग. मधला भाग सगळ्यात कमी सरावलेला असतो. वर्गात आपण सतत उत्तरंच देत असतो, त्यामुळे 'व्हू'चं रूप तोंडात नसतं. म्हणून रोजच्या कार्डांत एक तृतीयांश प्रश्न ठेवा: एस्क व्हू-झाव्हे...? (तुमच्याकडे आहे का?) एस्क व्हू-झेमे...? (तुम्हाला आवडतं का?) दुकानाच्या प्रसंगात 'ज व्हअ' उद्धट वाटतं, तिथे 'ज व्हूद्रे' (मला हवं होतं). ते वर्तमानकाळाचं रूप नाही, पण आत्ता अख्खं शब्दासारखं पाठ करून ठेवा, व्याकरण नंतर.

कानसेन, एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. 'नू' सोडून देऊ नका. बोलण्यात 'ओं' ठीक, पण परीक्षेच्या लेखनात पोस्टकार्ड किंवा निरोप लिहिताना 'नू' येतंच, आणि वाचनात तर सतत. शिवाय 'नू'चं रूप हे पुढे अपूर्ण भूतकाळाचं मूळ असतं, आत्ता टाळलंत तर पुढच्या वर्षी पुन्हा शिकावं लागेल.

कानसेन

मान्य. लिहायला 'नू' हवंच. माझं म्हणणं बोलण्यापुरतं होतं.

माँट्रियलकर

इथल्या बोलण्याची थोडी भर, कारण बरेच मराठी लोक फ्रेंच शिकतात ते कॅनडातल्या क्युबेकसाठी, आणि पुस्तकातलं वर्तमानकाळ इथे रस्त्यावर वेगळं ऐकू येतं. गोंधळून जाऊ नका, क्रियापद तेच असतं.

नकारातला 'न' बोलताना गळतो, हे फ्रान्समध्येही: 'ज न से पा'चं 'शे पा'. 'ज स्वी' फ्रान्समध्ये घाईत 'श्वी' होतं, इथे 'श्यू'. 'त्यू आ'चं 'ता'. आणि इथे त्यूचा त थोडा 'त्स' होतो, त्स्यू. परीक्षेत म्हणायचं नाही, पण ऐकताना ओळखता आलं पाहिजे.

प्रश्नासाठी इथे एक खास सोय आहे: क्रियापदामागे 'त्यू' लागतो आणि त्याचा 'तू'शी काही संबंध नसतो. 'सा व्हा-त्यू?' ठीक आहे का? 'इल व्ह्यँ-त्यू?' तो येतोय का? मराठी 'का'सारखंच वागतं, त्याच जागी, क्रियापदाच्या मागे. परीक्षेतल्या लेखनात अर्थातच नको. तिथे सुरुवातीला 'एस्क' लावा. तेही एक अख्खं 'का' समजा, फक्त वाक्याच्या डोक्यावर बसलेलं, आणि पुढचा शब्दक्रम अजिबात बदलायचा नाही. बदलला की दोनदा प्रश्न विचारल्यासारखं होतं. 'एस्क आव्हे-व्हू' ही चूक फार दिसते.

'ओं' शिकताना 'आपण' डोक्यात ठेवा, 'वन' नको. 'ओं-नी व्हा' म्हणजे सरळ 'चला'. क्रियापद मात्र एकवचनी 'इल'चं.

नवशिकी_सातारा

सगळ्यांचे आभार. 'मला दिसलं की थांबायचं' हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. सातही वाक्यं पुन्हा केली, आणि एक नवीन स्वतः जुळवलं. तपासाल का?

जे व्हँत-त्र्वा-झां. जे फँ. इल सों फातिगे. ज मांज. ज से नाजे. ज ने पा द व्ह्वात्यूर. जाबित आ पूने दप्वी सँ-कां.

नवीन: 'माझे आईवडील साताऱ्यात राहतात'. मे पार आबित आ सातारा. दोन्ही शब्दांत ई-एन-टी आहे, म्हणून दोन्हीकडे मुकं ठेवलं.

कानसेन

सातही बरोबर. नवीन वाक्यात अर्धं बरोबर आहे, आणि चूक झाली ती नियम नीट लागू केल्यामुळेच, फक्त एका शब्दाला जास्त. 'आबित'मधलं ई-एन-टी मुकं, कारण ते क्रियापद. 'आईवडील' हे नाम आहे, तिथे ई-एन-टी-एस असलं तरी 'आं' वाजतो आणि एस गप्प: मे पारां आबित आ सातारा. दोन्ही शब्दांच्या मधे झ जोडू नका, नाम आणि क्रियापदामध्ये बोलताना जोडत नाहीत. तो झ सर्वनामाबरोबरच येतो: इल-झाबित आ सातारा. ही दोन वाक्यं एकामागोमाग म्हणून पाहा, एकात झ नाही, दुसऱ्यात आहे, आणि 'आबित' दोन्हीकडे तेच.